डोकं-मानेची अॅनाटॉमी स्वतःच्या मानेवर कशी शिकायची

मेडिकल-डेंटलच्या पहिल्या वर्षाला ‘हेड अँड नेक’ सुरू झालं की बहुतेक मुलं थेट क्रेनियल नर्व्हच्या, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या, पाठांतराला लागतात. बारा नावं, त्यांची कवटीतली भोकं, फांद्या, गँग्लिया (मज्जापेशींच्या गाठी). आठवडाभरात सगळ्याचा गोपाळकाला होतो. क्रम उलटा धरा. आधी हाड, मग हाडाला धरून स्नायू आणि शेवटी त्या स्नायूच्या काठाने जाणारी नर्व्ह. नर्व्ह सहसा हाताला लागत नाही, हाड मात्र कधीच जागा सोडत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अडलात तर परीक्षकासमोर स्वतःच्या मानेवर बोट ठेवून उत्तर काढता येतं.

लागणारं सामान: एक मोठा आरसा, एक हातातला आरसा, टॉर्च, शिंप्याची टेप आणि काजळ पेन्सिल. बॉलपेन किंवा मार्कर घेऊ नका. मुंबईच्या घामात शाई पसरते आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरला मान निळी दिसते. काजळ खोबरेल तेलाने लगेच निघतं. पंख्याखाली, पाठ भिंतीला टेकवून बसा. हनुवटी किंचित खाली ठेवली की पुढचे स्नायू सैल पडतात. मान ताठ ठेवून चाचपलं तर हाताला फक्त स्नायूच लागतात, आणि ‘काही सापडत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या मुलांचं हेच चुकलेलं असतं. अंगठ्याने दाबू नका. तर्जनी आणि मधल्या बोटाचा मऊ भाग वापरा.

मागून सुरुवात

मानगुटीच्या मधोमध बोट ठेवून वर सरकवा. केसांत शिरल्यावर कवटीला जो उंचवटा लागतो तो एक्स्टर्नल ऑक्सिपिटल प्रोट्युबरन्स. पुरुषांत तो सहसा जास्त ठळक असतो. तिथून मध्यरेषेवर खाली या. आधी खड्डा लागतो, कारण पहिल्या मणक्याला, म्हणजे अॅटलासला, स्पाइन (मागे आलेलं टोक) नसते. खड्ड्याखालचं पहिलं कडक टोक दुसऱ्या मणक्याचं, अॅक्सिसचं. त्याला ‘सी-१’ (सी म्हणजे सर्व्हायकल, मानेचा मणका) म्हणून मोजायला सुरुवात केली की पुढचं सगळं गणित एकाने चुकतं.

तिसरा ते पाचवा मणका नीट लागत नाहीत. मानेचा बाक तिथे पुढे असतो आणि मध्ये लिगामेंटम न्यूकी हा मानगुटीचा जाड पट्टा आडवा येतो. तिथे अडून न बसता तळाशी जा. मान पुढे वाकवली की दोन-तीन टोकं वर येतात आणि ‘सर्वांत ठळक तो सी-७’ हा नियम दगा देतो, कारण काहींच्यात छातीचा पहिला मणका त्याहून ठळक असतो. खात्री अशी करा: लागोपाठच्या दोन टोकांवर एकेक बोट ठेवून मान हळूहळू मागे न्या. सी-६ बोटाखालून पुढे सरकतो आणि नाहीसा होतो. सी-७ जागचा हलत नाही. हे जोडीदाराच्या मानेवर करा. स्वतःवर करताना हात वर घ्यावा लागतो, ट्रॅपिझियस (मानेमागून खांद्यापर्यंतचा स्नायू) आवळतो आणि काही कळत नाही.

आता बाजूला या. कानामागचा टणक उंचवटा मॅस्टॉइड, कानाच्या पाळीखालचा जबड्याचा कोपरा म्हणजे अँगल ऑफ मँडिबल. या दोघांच्या मध्ये, आत खोल, अॅटलासची ट्रान्सव्हर्स प्रोसेस, म्हणजे बाजूला आलेलं टोक, असते. तिथे दुखतं, म्हणून हलकेच दाबा. इंटर्नल कॅरॉटिड आर्टरी आणि इंटर्नल ज्युग्युलर व्हेन तिथून जवळूनच जातात.

पुढची शिडी

हनुवटीखालून मागे बोट सरकवा. जिथे मऊ भाग संपतो आणि गळा खाली वळतो, तिथे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हायॉइड हे हाड धरा. अलगद डावी-उजवीकडे हलवून पाहा, मग आवंढा गिळा. चिमटीतून ते वर निसटतं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही, स्नायू आणि लिगामेंट यांच्यावर टांगलेलं आहे. त्याची पातळी सी-३. त्याखाली कंठमण्याची खाच, म्हणजे थायरॉइड कार्टिलेजची वरची कड, साधारण सी-४. तिथेच कॉमन कॅरॉटिडच्या दोन शाखा होतात. आणखी खाली एक छोटी मऊ फट लागते, तो क्रिकोथायरॉइड मेंब्रेन. वरचा श्वासमार्ग पूर्ण बंद झाला आणि नळी घालता येईना, तर तातडीने हवा द्यायची जागा हीच. तिच्याखालची टणक कडी म्हणजे क्रिकॉइड, पातळी सी-६.

मुलींना बऱ्याचदा कंठमणी नीट सापडत नाही. त्यांनी खालून वर यावं: छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेत बोट ठेवून श्वासनळीच्या नरम कड्या मोजत वर सरका. पहिली रुंद, न दबणारी कडी क्रिकॉइड. तिच्या वरची फट लगेच कळते.

सी-६ ची आडवी रेषा मानेवर काजळाने आखून ठेवा, कारण या एका रेषेवर परीक्षेचे बरेच प्रश्न बसतात. स्वरयंत्र संपून श्वासनळी इथे सुरू होते, घसा संपून अन्ननलिका इथे सुरू होते, आणि व्हर्टिब्रल आर्टरी सहाव्या मणक्याच्या भोकात इथेच शिरते. सातव्याला भोक असलं तरी ती सहसा त्यातून जात नाही. कॅरॉटिडचा ठोका याच मणक्याच्या पुढच्या टोकावर दाबून बघतात. ठोका एका वेळी एकाच बाजूचा आणि क्रिकॉइडच्या पातळीवर बघा. वर, कंठमण्याच्या कडेपाशी, कॅरॉटिड सायनस (रक्तदाबाची जाणीव असलेला आर्टरीचा फुगीर भाग) असतो. तिथे चोळलं तर ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हमार्फत नाडी मंदावते आणि चक्कर येऊ शकते. जोडीदारावर सराव करताना दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

चेहऱ्यावरची तीन भोकं, आणि पुढचं

भुवईच्या हाडाच्या खालच्या कडेवर, मध्यरेषेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर, नखाने चाचपलं की सुप्राऑर्बिटल नॉच लागतो. डोळ्याखालच्या कडेपासून साधारण १ सेंटिमीटर खाली इन्फ्राऑर्बिटल, आणि खालच्या जबड्यात दोन उपदाढांच्या खाली मेंटल फोरामेन. नजर समोर ठेवली तर बाहुलीतून खाली ओढलेल्या रेषेवर, थोडं इकडे-तिकडे, तिन्ही बसतात. वरून खाली ट्रायजेमिनलच्या, म्हणजे पाचव्या क्रेनियल नर्व्हच्या, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या शाखेच्या नर्व्ह तिथून बाहेर पडतात. बीडीएसच्या (डेंटलच्या) मुलांनी एक लक्षात ठेवावं: म्हातारपणी दात गेल्यावर खालच्या जबड्याच्या हाडाचा वरचा भाग झिजतो आणि मेंटल फोरामेन कडेजवळ येतं. कवळी त्यावर टेकली की ओठात कळा येतात, आणि रोगी मात्र हिरडी दुखते असं सांगतो.

गालाच्या हाडाची कमान कानापर्यंत चाचपा. तिच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर वर आणि डोळ्याच्या बाहेरच्या कडेवर जिथे दोन हाडं जुळतात तिथून साडेतीन सेंटिमीटर मागे खूण करा. हे टेरिऑन. फ्राँटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं इथे भेटतात, हाड पातळ असतं आणि आतल्या बाजूने मिडल मेनिंजियल आर्टरीची पुढची शाखा जाते. कानशिलावर मार बसलेला माणूस आधी बोलतो-चालतो आणि काही वेळाने बेशुद्ध होतो, त्याचं कारण बऱ्याचदा इथलं फ्रॅक्चर असतं. दात आवळा, खुणेखाली टेम्पोरॅलिस स्नायू फुगलेला लागेल.

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड हळू उघडा. सुरुवातीला जबड्याचं डोकं जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं आणि बोटाखाली खड्डा पडतो. तोंड पूर्ण उघडल्यावर स्वतःचीच तीन बोटं उभी आत मावली पाहिजेत. मुंबईतल्या डेंटल ओपीडीत दोनच बोटं मावणारे रोगी रोज दिसतात. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी असली तरी सुपारी आहेच, आणि तिने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाचं अस्तर दोरीसारखं आखडतं. अशा वेळी सांधा आणि स्नायू चांगले असूनही तोंड उघडत नाही, म्हणून आधी गालाच्या आतून बोट फिरवून पट्टे लागतात का ते बघायचं.

आता दात पुन्हा घट्ट आवळून मॅसेटर या गालातल्या चावण्याच्या स्नायूची पुढची कड पकडा. जबड्याच्या खालच्या कडेवर, त्या कडेला लागून, फेशियल आर्टरीचा ठोका लागतो. याच जागी फेशियल नर्व्हची (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या क्रेनियल नर्व्हची) मार्जिनल मँडिब्युलर शाखा आर्टरीच्या वरून जाते. काहींच्यात ती जबड्याच्या कडेखाली झुकते, म्हणून सर्जन जबड्याखालचा छेद कडेपासून दोन बोटं खाली घेतात. ती तुटली तर हसताना खालच्या ओठाचा कोपरा खाली येत नाही. आता कमानीपासून बोटभर खाली, आवळलेल्या मॅसेटरवर बोट वर-खाली घासा. जाड दोऱ्यासारखं जे सरकतं ती पॅरॉटिड डक्ट, कानापुढच्या पॅरॉटिड या लाळग्रंथीची नळी. पहिल्या दिवशी तिचा पत्ता लागत नाही, पण एकदा सापडली की रोज सापडते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात तिचं तोंड आहे. टॉर्च लावून पाहा.

फेशियल नर्व्ह: हाताचा पंजा

उजवा तळहात उजव्या गालावर ठेवा. मनगटाकडचा भाग कानाच्या पाळीपाशी, बोटं पुढे पसरलेली. अंगठा टेम्पोरल, तर्जनी झायगोमॅटिक, मधलं बोट बक्कल, अनामिका मार्जिनल मँडिब्युलर, करंगळी सर्व्हायकल. तपासतानाही हाच क्रम: भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, मान ताणून प्लॅटिझ्मा (मानेच्या कातडीखालचा पातळ स्नायू) उठवा. नर्व्ह पॅरॉटिडच्या आतून जाते, पण त्या ग्रंथीला काही देत नाही. हा प्रश्न दरवर्षी कोणाला तरी विचारतातच.

दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एक, डोळा मिटणं फेशियलचं काम आणि पापणी उचलणं तिसऱ्या क्रेनियल नर्व्हचं. त्यामुळे फेशियल पाल्सीत, म्हणजे फेशियल नर्व्ह लुळी पडल्यावर, डोळा उघडा राहतो, पापणी लोंबत नाही. दोन, कपाळ. वरच्या चेहऱ्याच्या न्यूक्लियसला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात, खालच्या चेहऱ्याच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. पक्षाघातात म्हणून कपाळाला आठ्या पडतात आणि तोंड वाकडं होतं. बेल्स पाल्सीत नर्व्हच बिघडलेली असल्याने तीच बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट.

वाकडं कुठे जाणार?

जीभ कमजोर बाजूला वळते, पडजीभ चांगल्या बाजूला, हे पाठ केलं तर परीक्षेच्या दिवशी उलटं होतं. त्याऐवजी विचारा, हा स्नायू ढकलतो की ओढतो?

जिनिओग्लॉसस हा स्नायू जिभेला पुढे आणि पलीकडे ढकलतो. उजवा निकामी झाला तर डावा एकटा ढकलतो आणि जीभ उजवीकडे, म्हणजे आजारी बाजूला, जाते. लॅटरल टेरिगॉइड या जबड्याच्या स्नायूचंही तसंच: तोंड उघडताना जबडा कमजोर बाजूला सरकतो. चर्वणाच्या चार स्नायूंपैकी जबडा उघडायला हाच मदत करतो, बाकीचे तीन मिटवतात. उलट टाळूचे स्नायू वर ओढतात, म्हणून ‘आ’ करताना पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. तोंडाचा कोपराही चांगल्याच बाजूला. ढकलणारे आजारी बाजूला, ओढणारे चांगल्या बाजूला. बक्सिनेटर या गालाच्या स्नायूची मात्र वेगळी खबरदारी घ्या: चावताना तो घास दाढांखाली ठेवतो, तरी तो चर्वणाचा स्नायू धरत नाहीत आणि त्याची नर्व्ह फेशियल आहे, ट्रायजेमिनल नाही. डायगॅस्ट्रिक या जबड्याखालच्या स्नायूला तर दोन पोटं आणि दोन मालक: पुढचं ट्रायजेमिनलचं, मागचं फेशियलचं.

स्टर्नोमॅस्टॉइड हीच मानेची किल्ली

चेहरा डावीकडे वळवा. उजवा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड (थोडक्यात स्टर्नोमॅस्टॉइड) ताठ उठतो. डावीकडून हनुवटीला हाताने विरोध केला तर आणखी. बाजू सांगताना चुकू नका: उजवा स्नायू चेहरा डावीकडे नेतो. लोकलमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाने स्टेशनची पाटी बघायला मान वळवली की तो आयता दिसतो. फक्त रोखून पाहू नका.

त्याची दोन मुळं काजळाने काढा, एक छातीच्या हाडापासून आणि एक कॉलर बोनच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यापासून. दोघांमधल्या छोट्या खळग्यामागे इंटर्नल ज्युग्युलर असते. मग मागची कड मॅस्टॉइडपर्यंत ओढा आणि टेपने तिचे तीन समान भाग करा.

वरचा आणि मधला भाग मिळतो तिथे स्पायनल अॅक्सेसरी नर्व्ह (अकरावी क्रेनियल नर्व्ह) कडेबाहेर येते. ट्रॅपिझियसच्या पुढच्या कडेवर कॉलर बोनच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर दुसरी खूण करा आणि दोन्ही खुणा जोडा. या तिरक्या रेषेवर नर्व्हवर त्वचा आणि फॅशिया (पातळ पडदा) यांखेरीज फार काही नसतं, आणि शेजारी लिम्फ नोड असतात. मुंबईत टीबीच्या गाठी मानेत खूप दिसतात, त्यांच्या बायोप्सी होतात आणि नर्व्ह छेदात सापडण्याचा धोका इथेच. ती तुटली तर खांदा खाली झुकतो आणि हात खांद्याच्या पातळीच्या वर नेताना अडचण येते, कारण खांद्याचं पान फिरवणारा ट्रॅपिझियस ढिला पडतो. मान वळवणं मात्र ठीक राहतं: स्टर्नोमॅस्टॉइडची फांदी वरच दिलेली असते. ‘अॅक्सेसरी गेली म्हणजे दोन्ही स्नायू गेले’ हे उत्तर इथे चुकतं.

मागच्या कडेच्या मध्यावर नर्व्ह पॉइंट. ग्रेट ऑरिक्युलर, लेसर ऑक्सिपिटल, ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल आणि सुप्राक्लाव्हिक्युलर, चारही त्वचेच्या नर्व्ह इथून पंख्यासारख्या पसरतात. ग्रेट ऑरिक्युलर स्नायूवरून तिरकी वर कानाच्या पाळीकडे जाते. म्हणून जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा चेहऱ्यासारखी दिसली तरी ती सी-२, सी-३ ची आहे. कापसाने ट्रायजेमिनल तपासताना तो भाग सोडून द्या.

कुष्ठरोगात ही ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह जाड होते, म्हणून ती ओळखता यायला हवी. वडाळ्याच्या अॅक्वर्थ रुग्णालयासारख्या ठिकाणी पोस्टिंग मिळालं तर ती प्रत्यक्ष पाहायला मिळते. शेजारून एक्स्टर्नल ज्युग्युलर व्हेन जाते, आणि नवखे तिलाच नर्व्ह समजतात. मान विरुद्ध बाजूला वळवून कॉलर बोनच्या वर बोटाने दाबा. व्हेन फुगते, बोट काढलं की रिकामी होते. नर्व्ह फुगत नाही, ती स्नायूवर बोटाखाली दोरीसारखी घरंगळते.

कडेच्या खालच्या भागामागे, कॉलर बोनच्या वर, स्केलीन स्नायू आहेत. पुढचा आणि मधला यांच्यामधून ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) आणि सबक्लाव्हियन आर्टरी जातात; व्हेन पुढच्या स्केलीनच्या समोरून. डायाफ्रामची फ्रेनिक नर्व्ह पुढच्या स्केलीनच्या अंगावरून खाली उतरते. तिची मुळं सी-३, ४, ५ आणि खांद्यावरच्या त्वचेच्या नर्व्हची सी-३, ४. त्यामुळे डायाफ्रामखाली पू किंवा रक्त साचलं तर खांद्याचं टोक दुखतं. इथे फार दाबलं तर हाताला मुंग्या येतात. आल्या की बोट काढा.

शेवटी हायॉइडच्या पातळीवर आणखी एक रेषा आखा; ती आणि मघाशी आखलेली क्रिकॉइडची रेषा मागपर्यंत वाढवा. या रेषांवरून मानेतल्या लिम्फ नोडच्या लेव्हल ठरतात. जबड्याखालचा भाग लेव्हल १. स्टर्नोमॅस्टॉइडच्या बाजूने हायॉइडच्या वर लेव्हल २, हायॉइड ते क्रिकॉइड ३, क्रिकॉइड ते कॉलर बोन ४. स्नायूच्या मागे ५, पुढे मध्ये ६. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे कागद वाचताना हेच आकडे दिसतील. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल यांनी मांडलेल्या रॅडिकल नेक डिसेक्शन या मानेतले नोड काढण्याच्या शस्त्रक्रियेत नोडबरोबर स्टर्नोमॅस्टॉइड, इंटर्नल ज्युग्युलर आणि अॅक्सेसरी नर्व्ह काढत; पुढे शक्य तिथे या तिन्ही वाचवण्याकडे कल गेला.

कवटी हातात आली तर

आधी दिशा द्या: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एकाच आडव्या पातळीत हवी. खोबणीत बोटं घालून कवटी उचलू नका, आतलं लॅक्रिमल हाड कागदासारखं पातळ असतं. झायगोमॅटिक कमानीला धरूनही नाही, तळहातावर तोलून धरा. भोकांमधून खराट्याची काडी घालण्याची सवय अनेकांना असते. तिने कडा तुटतात. लोकरीचा धागा पुरतो. पिवळा ट्रायजेमिनलच्या पहिल्या शाखेला, लाल दुसरीला, निळा तिसरीला असे रंग ठरवून टाका. फोरामेन ओव्हेल (तिसऱ्या शाखेचं भोक) तळातून सहज दिसतं, स्पायनोसम त्याच्या मागे-बाहेर. रोटंडम (दुसऱ्या शाखेचं भोक) तळातून शोधत बसू नका, ते आत पुढे टेरिगोपॅलाटाइन फोसात (वरच्या जबड्यामागच्या खड्ड्यात) उघडतं आणि धागा आतूनच घालावा लागतो.

स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन स्टायलॉइड आणि मॅस्टॉइडच्या मध्ये आहे. जुन्या कवट्यांत स्टायलॉइड बहुधा तुटलेला असतो, तेव्हा मॅस्टॉइडच्या टोकाच्या आतल्या बाजूला शोधा. तान्ह्या मुलाची कवटी शेजारी ठेवायला मिळाली तर जरूर ठेवा: तिच्यात मॅस्टॉइड जवळजवळ नसतोच, म्हणून फेशियल नर्व्ह उघड्यावर येते आणि लहान बाळाच्या कानामागे छेद घेताना मोठ्या माणसाचा नकाशा चालत नाही.